पाण्यातलं चीज आणि माझ्या हातचं कालवण

रिटायर झाल्यावर चौथ्या महिन्यात मी बायकोला स्वयंपाकात मदत करायचं ठरवलं. (चार महिने का लागले असं विचारू नका. पहिले तीन महिने मी विश्रांती घेत होतो आणि चौथ्यात ती पुरली का याचा विचार करत होतो.)

माझं नाव चंद्रप्रकाश तोरसकर. एका शिपिंग कंपनीच्या जावक विभागात मी चौतीस वर्षं क्लार्क होतो. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर शिक्का मारणं हे माझं काम. पाकिटात काय आहे हे बघायचा मला अधिकार नव्हता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. घरीही साधारण तसंच चालायचं. बायको सकाळी दोन डबे भरून ठेवायची, मी त्यातला माझा उचलायचो आणि निघायचो. आत काय आहे ते एक वाजता कळायचं.

बायको म्हणजे रत्नप्रभा. ती घाटकोपरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे आणि अजून नोकरी करते आहे. गेल्या महिन्यात तिला प्रमोशन मिळालं. एका सोमवारी संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "शनिवारी ऑफिसातली चौघं आपल्याकडे जेवायला येतायत." हे तिने ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त उद्या पाणी येणार नाही असं सांगतात.

"हॉटेलात ने ना त्यांना," मी म्हटलं.

"म्हटलं मी. तीन हॉटेलांची नावं सांगितली. ऐकत नाहीत. घरीच यायचंय म्हणतात."

"मग येऊ दे की."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बाजारात फणसाकडे बघते तसं, आतून कसा निघेल याचा अंदाज घेत.

"तुम्ही शनिवारी ऋतिकाकडे पुण्याला जाऊन या ना," ती म्हणाली. ऋतिका म्हणजे आमची मुलगी. नोकरीनिमित्त पुण्याला असते.

"तुझी माणसं येणार आणि मी घरात नाही? बरं दिसेल का?"

"दिसेल," ती म्हणाली.

मला वाटलं, माझी दगदग होऊ नये म्हणून म्हणतेय. माझं मन भरून आलं. आणि त्या भरल्या मनाने मी तिथल्या तिथे जाहीर केलं की त्या दिवशीचं स्टार्टर मी करणार.

इथे एक अडचण सांगायला हवी. आमच्या घरात मला गॅसला हात लावायला बंदी आहे. एकदा बायकोने मला सांगितलं होतं की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी मन लावून मोजल्या आणि बंद केला. त्यातल्या दोन शिट्ट्या शेजाऱ्यांच्या कुकरच्या होत्या. त्या दिवशी कच्ची डाळ चावून झाल्यावर जी बंदी आली ती आजतागायत आहे. त्यामुळे मला विस्तव नसलेला पदार्थ हवा होता, आणि तो माझ्या मोबाइलमध्ये होता. ऋतिकाने फॅमिली ग्रुपवर कधीतरी एक व्हिडिओ टाकला होता. त्यात एक हसरी मुलगी एका काडीला छोटा टोमॅटो, एक हिरवं पान आणि मोझरेला चीजची पांढरी गोळी ओवते. परत टोमॅटो. वर दोन थेंब तेल, मीठ, मिरपूड. झालं. दहा मिनिटं. हे जर मला जमलं नाही तर मी जगायलाही नालायक आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

बायकोला व्हिडिओ दाखवला. मला वाटलं नाही म्हणेल. तिने तो दोनदा बघितला, काहीतरी हिशेब केल्यासारखी थांबली आणि म्हणाली, "करा. उलट बरंच आहे."

तीस वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या कल्पनेला "उलट बरंच आहे" म्हटलं गेल्याची ही पहिली वेळ. मला तिथेच संशय यायला हवा होता.

मोझरेला मिळायला दोन दिवस गेले. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने मला एक पिवळी वीट दाखवली आणि पिझ्झावर हेच घालतात म्हणाला. मी म्हटलं गोळ्या हव्यात, पांढऱ्या, पाण्यातल्या. तो म्हणाला, "काका, रसगुल्ले शेजारच्या दुकानात." शेवटी मॉलमधल्या मोठ्या दुकानात थंड कपाटात सापडल्या. पिशवीत पाणी आणि पाण्यात सुपारीएवढ्या गोळ्या. छोटे टोमॅटोही तिथेच मिळाले आणि ती पानंही. (पानं म्हणजे बेसिल. वास घेतला तर आपल्या गावच्या सब्ज्याची चुलत बहीण.) सगळं घरी आणलं. चीज ताजं राहावं म्हणून मी पिशवी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेच्या मागे, नीट दडपून ठेवली.

शनिवार उजाडला. बायको पहाटेपासून उभी होती. कोलंबीचं कालवण, तळलेली सुरमई, काजूची उसळ, वडे, सोलकढी. साडेदहाला सगळं झालं आणि मग तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. सगळी भांडी घासून जागच्या जागी लावली, ओटा कोरडा पुसला, स्वतः आंघोळ करून साडी नेसली आणि पावडरबिवडर लावून बाहेर आली. बघणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई आत्ता कुठल्या तरी लग्नाहून आलीय. मग तिने कपाटातून एक नवाकोरा ॲप्रन काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"काढायचा नाही," ती म्हणाली.

"काडीला टोमॅटो ओवायला ॲप्रन कशाला?"

"असू दे. आणि कोणी काही विचारलं तर नुसतं हसायचं. बोलायचं नाही."

"मी माझ्याच घरात बोलायचं नाही?"

"हसायचं," ती म्हणाली आणि खाली आइस्क्रीम आणायला गेली. पाहुणे एक वाजता येणार होते. तेव्हा पावणेबारा झाले होते.

मी फ्रीज उघडला. पिशवी बाहेर काढली. ती ओट्यावर ठेवली तेव्हा टक्क असा आवाज आला.

गोळ्यांचे गोटे झाले होते. पाण्यासकट. मी पिशवी फोडली, बर्फातून एक गोळी सुटी केली आणि तिला काडी टोचायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की काड्या आणायच्याच राहिल्यात. पण एका वेळी एकच संकट हाताळावं म्हणून मी आधी चीजकडे वळलो. थिजलेली वस्तू मऊ करायची तर गरम पाणी. इलेक्ट्रिकची किटली मला चालते, तिच्यावर बंदी नाही. खळखळतं पाणी करून वाडग्यात ओतलं, त्यात सगळ्या गोळ्या सोडल्या, आणि काड्यांच्या शोधात हॉलमधल्या माळ्यावर चढलो.

माळ्यावर गावाहून आलेला खराटा होता. नवीन होता. सुतळीसुद्धा सोडली नव्हती. माडाचे सरळ, गुळगुळीत हीर. मी त्यातले वीस उपसले, खाली आणून साबणाने धुतले, सुरीने खरवडले, कात्रीने एका मापाचे कापले. पंधरावीस मिनिटं गेली असतील. सुरेख काड्या झाल्या होत्या. मोठ्या समाधानाने मी वाडग्याकडे वळलो.

मी वीस गोळ्या सोडल्या होत्या. आत एकच गोळा होता.

मी त्याला बोटाने ढोसलं. तो बोटाबरोबर वर आला. मी हात मागे घेतला, तोही मागे आला. मी दोन पावलं मागे सरलो, तर ओट्यापासून फ्रीजपर्यंत एक पांढरी दोरी तयार झाली आणि मध्ये झोळ घेऊन लोंबायला लागली. मी घाबरून ती गुंडाळायला लागलो. लोकरीचा गुंडा करतात तसा हातावर गुंडा झाला, नारळाएवढा, गरम आणि चिकट. आणि त्या क्षणी बेल वाजली.

मला वाटलं बायको. मी गुंड्यासकट दार उघडलं.

दारात चार अनोळखी माणसं होती. सगळ्यात पुढे एक तिशीचा मुलगा. तो वाकून थेट माझ्या पाया पडला.

"शेफ," तो म्हणाला.

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"मी सुशांत. थोडे लवकर आलो काका, रस्ता रिकामा मिळाला. ही दीप्ती, हा धवल आणि या आमच्या बेटी मॅडम, ब्रँच हेड."

मला हसायला सांगितलं होतं, म्हणून मी हसलो. ते आत आले, बसले आणि चौघेही माझ्याकडे असे बघायला लागले की मला ॲप्रनच्या आत कपडे आहेत ना याची खात्री करून घ्यावीशी वाटली.

"मागच्या गुरुवारचं कोलंबीचं लोणचं," सुशांत म्हणाला. "मी बरणी चाटली काका. लाज नाही वाटत सांगायला."

"मी व्हेज आहे अंकल," धवल म्हणाला. "पण तुमच्या काजूच्या उसळीसाठी आज शनिवारचा उपास सोडलाय. मम्मीला सांगितलं नाही."

"आणि तुमच्यामुळे माझी नवऱ्याशी तीन भांडणं झालीत," दीप्ती म्हणाली.

बोलायचं नाही हे मी विसरलो. "मी काय केलं?"

"तेच ना काका. तुम्ही करता. तो काहीच करत नाही."

मला काही उलगडा होईना. मागच्या गुरुवारी मी दिवसभर पंखा कितीवर बरा वाटतो ते ठरवत होतो. लोणचं मी केलेलं नव्हतं, त्याबद्दल मी कोर्टात शपथ घेतली असती.

"पहाटे साडेपाचला उठायचं, सगळा स्वयंपाक करायचा, डबा भरायचा," सुशांत बाकीच्यांना सांगत होता, जणू त्यांना माहीत नव्हतं. "आणि वर आमच्या तोरसकर मॅडमना चहा बेडमध्ये. बोला."

आता मात्र मला घाम फुटला. कारण या सगळ्याचा एकच अर्थ निघत होता. रोज पहाटे साडेपाचला आमच्या घरात कोणीतरी पुरुष येत होता. तो स्वयंपाक करत होता, माझ्या बायकोला अंथरुणात चहा देत होता आणि मी उठायच्या आत निघून जात होता. आणि इतकी वर्षं त्याच्या हातचं मी मिटक्या मारत खात होतो.

मी मटकन खुर्चीत बसलो. चीजचा गुंडा मांडीवर बसला.

तेवढ्यात लॅच उघडलं आणि रत्नप्रभा आइस्क्रीमची पिशवी घेऊन आत आली. तिने चार पाहुण्यांकडे बघितलं, मग ॲप्रनमधल्या माझ्याकडे, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्या चेहऱ्याकडे बघताना मला हळूहळू समजलं. कोणी पुरुषबिरुष येत नव्हता. तो पुरुष मीच होतो. म्हणजे मी नव्हतो, पण ऑफिसात होतो.

खरं सांगतो, पहिल्यापेक्षा हा धक्का मोठा होता. दुसरा माणूस असता तर निदान त्याला जाब विचारता आला असता.

"काका, एक सांगा," सुशांतने मोबाइल काढला. "कालवणात तिरफळं तुम्ही कधी घालता? मी घरी करून बघितलं, कडू होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रत्नप्रभाही बघत होती. तीस वर्षांत तिने मला शेकडो गोष्टी सांगितल्या असतील, पिशवी आणा, लाइट बंद करा, नीट पुसा. पण ते सांगणं झालं. तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या वेळी दारात उभी राहून ती मागत होती. हातातल्या पिशवीतून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी तोंड उघडलं. आत काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. मग अचानक आठवलं, ती एकदा फोनवर ऋतिकाला काहीतरी समजावत होती, नेमकी टीव्हीच्या समोर उभी राहून, म्हणून माझ्या लक्षात राहिलं होतं.

"तिरफळं ठेचायची नाहीत," मी म्हटलं. "नुसती दुखवायची."

"नुसती दुखवायची," सुशांत पुटपुटला आणि मोबाइलमध्ये लिहून घेतलं. रत्नप्रभाने श्वास सोडला आणि आइस्क्रीम ठेवायला आत गेली.

एकट्या बेटी मॅडम काही बोलल्या नव्हत्या. पंचावन्नच्या असतील, मरोळच्या गावठाणातल्या, करडे केस, नाकावर चष्मा. त्या चष्म्यावरून माझ्या मांडीकडे बघत होत्या.

"आणि हे काय आहे, तोरसकर?"

"स्टार्टर," मी म्हटलं.

"काका, लाइव्ह करून दाखवा ना," सुशांत उठलाच. "मी व्हिडिओ घेतो." दीप्ती उठली. धवल उठला. मी बसून राहिलो.

"किचन एवढंसं आहे," बेटी मॅडम म्हणाल्या. "सगळे कुठे घुसता? मी एकटी बघते. रत्ना, तू यांना सरबत दे."

त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. आत एकदा नजर फिरवली. किटली, वाडगा, हीर, अजून पिशवीतून न काढलेले टोमॅटो.

"कांदा चिरता येतो?"

"नाही."

"गॅस पेटवता येतो?"

"परवानगी नाही."

बेटी मॅडमनी ओट्याला धरलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं संताप झाला, मग दिसलं की आवाज न करता हसताहेत. चष्मा काढून डोळे पुसून त्या म्हणाल्या, "किती वर्षं चाललंय हे?"

"मला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं."

त्या हसायच्या थांबल्या. "म्हणजे तुम्हाला पण सांगितलं नाही तिने?"

"मला वाटलं कोणीतरी दुसराच येतो."

यावर त्यांना पुन्हा ओटा धरावा लागला. मग त्यांनी पदर खोचला, हात धुतले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, बाहेर बोलायचं नाही. माझा नवरा कॉस्मस. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे की तो रोज संध्याकाळी माझ्यासाठी व्हायोलिन वाजवतो. दहा वर्षं मी सांगते."

"वाजवत नाहीत?"

"व्हायोलिन आहे घरात. त्याच्या बापाचं. त्यावर तो टोपी ठेवतो."

त्यांनी माझ्या हातातून गुंडा घेतला, दाबून बघितला, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, मूठभर मीठ टाकलं. "नाताळात आम्ही मिल्क क्रीमची, मार्झिपॅनची मिठाई वळतो. हे त्यातलंच समजायचं." पाणी वाफाळल्यावर त्यांनी गुंड्याचा तुकडा तोडून त्यात बुडवला, दोनदा ताणला, घडी घातली, तळहातावर फिरवला. गुळगुळीत गोळी थंड पाण्यात पडली. मग दुसरी. मी बघत राहिलो. इतक्या गरम पाण्यात मी फक्त एकदा बोट घातलंय आणि ते चुकून.

"ओवता तरी येतं का?" त्यांनी विचारलं.

"चौतीस वर्षं फायलींना टॅग ओवलेत."

"मग ओवा."

आणि सांगायला आनंद वाटतो की ओवणं मला आलं. टोमॅटो, पान, गोळी, टोमॅटो. सगळ्या काड्या एका उंचीच्या, पानांची टोकं एका दिशेला. जावक विभागाचं काम आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडात जाणार होतं.

ताट बाहेर नेलं तेव्हा टाळ्या पडल्या. सुशांतने वरून, खालून, बाजूने फोटो काढले. धवलने काडी उजेडात धरून बघितली.

"हे स्टिक्स कुठून आणले अंकल?"

"गावाहून."

"बांबू?"

"माडाचे."

"ऑरगॅनिक," धवल दीप्तीला म्हणाला.

रत्नप्रभाने हातातल्या काडीकडे बघितलं, मग माळ्याकडे, मग पुन्हा काडीकडे. तिने डोळे मिटले. पण खाल्लं. (खराटा नवीन होता. हे मी तिला आतापर्यंत चार वेळा सांगितलंय.)

मग जेवण. ते मला विसरता येणार नाही. ती वाढत होती आणि ते माझे आभार मानत होते. वडा कसा फुगलाय काका. कालवणाचा रंग बघा काका. सोलकढी घशातून उतरली की पहिल्यांदा माझ्याकडे बघायचे. मी हसत होतो, तसं ठरलंच होतं. पण हसताना तिच्या हातांकडे लक्ष जात होतं. सकाळी वडे तळताना मनगटावर तेल उडालं होतं, तिथली बांगडी तिने वर सरकवली होती. ते फक्त मला दिसत होतं. आणि मला ते आजवर दिसलं नव्हतं.

आइस्क्रीम खाताना सुशांत म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीचा साखरपुडा आहे. वाकोल्याला, घरच्या घरीच. पन्नास माणसं. कालवण तुम्ही करायचं. नाही म्हणायचं नाही."

स्तुती ही गोष्ट मला कधी मिळालेली नव्हती, त्यामुळे ती किती चढते याचा अंदाज नव्हता. "पन्नास म्हणजे काही फार नाहीत," असं कोणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. रत्नप्रभाच्या हातातला चमचा खाली पडला.

"जमणार नाही," बेटी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तोरसकर बाहेर करत नाहीत. फक्त रत्नासाठी करतात. मला आत सांगितलं त्यांनी."

दीप्ती डोळे पुसत उठली आणि गॅलरीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. ते चौथं भांडण असावं.

चार वाजता ती मंडळी गेली. मी भांडी घासायला घेतली. हे मी आपणहून केलं, कोणी सांगितलं नव्हतं. रत्नप्रभा स्टुलावर बसली. शेवटी मीच विचारलं, "का गं?"

"माका ठाऊक नाय," ती म्हणाली. (अवघडली की ती मालवणीत शिरते.) मग थोड्या वेळाने सांगायला लागली. ऋतिका चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ही ऑफिसात नवीन. एका सकाळी धावपळीत तिचा डबा ओट्यावरच राहिला आणि मी तो जिन्यात नेऊन तिच्या हातात दिला. दुपारी ऑफिसात कालवण सगळ्यांना आवडलं. ही म्हणाली, निघताना ह्यांनी दिलं. त्या बायकांनी ऐकलं, ह्यांनी केलं.

"सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या," ती म्हणाली. "तसं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं कधी. म्हटलं, उद्या खरं सांगू. तर दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, आज काय केलंय ह्यांनी?"

"आणि मग?"

"मग तो हळूहळू आणखी चांगला होत गेला."

"कोण?"

"तुम्ही."

मी एक ताट विसळलं. "आणि तो चहा? बेडमधला?"

"तो पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू केला."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण तिचा नाही, त्या माणसाचा आला. काय तो साडेपाचला उठायचा, काय लोणची घालायचा. इतकी वर्षं तो माझ्या नावावर माझ्या बायकोला सुखात ठेवत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी ऋतिकाला फोन केला. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मी तर कॉलेजात पण तेच सांगितलं होतं."

त्या दिवसापुरते माझे धक्के इथे संपले. दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हटलं, गॅसवरची बंदी उठव, मला एक तरी कालवण स्वतः करायचंय. तिने पुन्हा फणसाकडे बघतात तसं बघितलं आणि लायटर हातात दिला. तीन आठवडे मी शिकलो. मीठ म्हणजे किती, खोबरं वाटताना झाकण का लावतात, सगळं वहीत लिहून काढलं. मग एका बुधवारी कांजूरच्या बाजारातून बांगडे आणले आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला उठलो. त्या वेळी आमचं किचन कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. बायकोला म्हटलं, झोपून राहा. चहा अंथरुणात नेऊन दिला. तो तिने कपाळाला एकही आठी न घालता प्यायला, हे मी नमूद करून ठेवतो. मग कालवण. बांगडे शिजले, रंग आला, तिरफळं मी नुसती दुखवली. (थोडी जास्त दुखावली गेली असतील.) चव बघायचा धीर झाला नाही. डबा भरला आणि दारात तिच्या हातात दिला. जिन्यावरून तिने एकदा वळून बघितलं.

दिवसभर मी मोबाइल समोर ठेवून बसलो. पाच वाजता तो वाजला. सुशांत होता.

"काका, तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे. का रे?"

"मॅडम म्हणाल्या ना ताप आहे तुम्हाला. आवाज पण बसलेला वाटतोय."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही आराम करा. तुम्हाला ताप, म्हणून आज मॅडमनीच कालवण करून आणलं होतं. आम्ही तोंडावर काही बोललो नाही हो. बेटी मॅडमनी तर पाणी पीत पीत संपवलं." तो जरा घुटमळला. "काका, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बरे झालात की त्यांना थोडं शिकवा."

मी म्हटलं, "शिकवतो."